पत्ते तुमचे, बघतोय दुसराच

बार्शी रोडवरची एक रूम. रात्रीचे साडेअकरा. तीन मित्र, एक कॉट आणि एक सेकंड हँड लॅपटॉप. टेलिग्रामवरून एक झिप फाइल उतरत होती आणि तिच्याखाली सूचना होती : ‘इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. फाइलचा पासवर्ड १२३४.’ मी म्हटलं, "अँटिव्हायरस बंद कशाला करायला सांगायलेत?" लॅपटॉपचा मालक, माझा शाळेपासूनचा मित्र, मान वर न करता म्हणाला, "क्रॅक असलं की तसंच असतंय. फुकट भेटायलंय ना, मग गप बस की."

मी गप बसलो. पत्रकारिता शिकणाऱ्या माणसाने अशा वेळी गप बसू नये, हे मला नंतर कळलं.

चौथ्या दिवशी त्याच्या इन्स्टाग्रामवरून चाकणला कंपनीत असलेल्या त्याच्या मावसभावाला मेसेज गेला. ‘अर्जंट आहे, ३ हजार टाक, उद्या देतो’ आणि सोबत एक क्यूआर कोड. भावाने टाकले. शंका का आली नाही, तर मित्राने याआधी खरोखरच दोन-तीनदा असेच पैसे मागितले होते, पोकर खेळायला. खात्याच्या लॉगिनमध्ये परदेशातलं एक शहर दिसत होतं. पासवर्ड कुणाला सांगितला नव्हता, ओटीपी आला नव्हता, कुठल्या लिंकवर क्लिक केलं नव्हतं. त्या आठवड्यात लॅपटॉपमध्ये नवीन गेलेली गोष्ट एकच होती. ती फाइलच कारणीभूत असं मी कोर्टात शपथेवर सांगू शकणार नाही, पण पुढचं वाचा आणि तुम्हीच ठरवा.

हा प्रसंग मी त्याच्या परवानगीने लिहितोय. अट एकच, नाव नको.

आधी त्या फाइलबद्दल. ती होती पोकरच्या ‘सॉल्व्हर’ची क्रॅक कॉपी. पोकर म्हणजे आपल्या तीनपत्तीचा जास्त शिकलेला चुलतभाऊ. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाकडे दोन झाकलेली पानं, मध्ये टप्प्याटप्प्याने पाच उघडी पानं आणि प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे. समोरच्याच्या हातात काय आहे ते दिसत नाही, सगळा खेळ त्या न दिसण्यावर चालतो. सॉल्व्हर काय करतो? तुम्ही त्याला डावाची परिस्थिती सांगायची : टेबलावर किती पैसे, मध्ये कोणती पानं, कोणाकडे कोणती पानं असू शकतात. मग तो स्वतःशीच लाखो वेळा खेळत बसतो आणि हळूहळू अशा जागी पोहोचतो, जिथे दोघांपैकी कुणीही चाल बदलून जास्त फायदा काढू शकत नाही. इकॉनॉमिक्सवाल्यांनी ओळखलं असेल, हा नॅशचा समतोल. उत्तर येतं टक्केवारीत. समजा, अशा जागी दहापैकी चार वेळा पैसे वाढवा, सहा वेळा नुसतं ‘चेक’ म्हणा.

यामागचं गणित खरंच भारी आहे आणि ते आवडणाऱ्या मुलांना ‘जुगारी’ म्हणून मोकळं व्हायची घाई मला नाही. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी पोकरचा एक मर्यादित, दोघांचा प्रकार जवळपास पूर्ण सोडवल्याचं जाहीर केलं. २०१७ मध्ये अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या प्रोग्रामने चार व्यावसायिक खेळाडूंना १ लाख २० हजार डाव खेळून हरवलं. त्यासाठी सुपरकॉम्प्युटर लागला होता. त्याच सुमाराला पिओसॉल्व्हरसारखी सॉफ्टवेअर आली आणि त्यातला छोटा तुकडा घरच्या कॉम्प्युटरवर चालू लागला. किंमत मात्र डॉलरमध्ये. रुपयांत केली तर आपल्याकडच्या बीए-बीएस्सीच्या वर्षभराच्या फीपेक्षा जास्त भरते.

इथून क्रॅकचा रस्ता सुरू होतो, आणि आपल्याला तो नवीन नाही. बीडमध्ये काय किंवा अंबाजोगाई-परळीत काय, कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन आपण ‘विंडोज मारून द्या’ म्हणतो. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडचं डिझाइनचं सॉफ्टवेअर, प्रोजेक्ट करणाऱ्या सिव्हिलच्या मुलाकडचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, आमच्या मासकॉमच्या वर्गातलं एडिटिंगचं, पेनड्राइव्हवर फिरत आलेलं बरंच काही. हो, माझ्याही लॅपटॉपमध्ये होतं. त्यामुळे इथे मी कुणाला चोर म्हणायला बसलेलो नाही. ज्याच्या घरी उचल घेऊन कारखान्यावर जायची वेळ येते, त्याला ‘ओरिजिनल घे’ असं सांगणं सोपं असतं, घेणं नाही.

तरीही पोकरचं क्रॅक सॉफ्टवेअर आणि डिझाइनचं क्रॅक सॉफ्टवेअर यांत एक फरक आहे. डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट शोधणारा माणूस कोण आहे, त्याच्याकडे पैसे आहेत की नाहीत, हे सापळा लावणाऱ्याला माहीत नसतं. पोकरचा सॉल्व्हर शोधणारा माणूस मात्र स्वतःहून सांगत असतो : माझं ऑनलाइन खातं आहे, त्यात पैसे आहेत, आणि मी हे गपचूप करतोय. यापेक्षा सोयीचं गिऱ्हाईक कुठलं?

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. मे २००६ मध्ये फिनलंडच्या एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीने ‘आरबीकॅल्क’ नावाच्या एका छोट्या प्रोग्रामचा भंडाफोड केला होता. पोकर साइट प्रत्येक डावातून कमिशन कापते, त्यातलं किती परत मिळेल याचा हिशेब करणारा साधा कॅल्क्युलेटर. फुकट मिळायचा. आत मात्र दुसरंच बसलेलं. तो प्रोग्राम कॉम्प्युटरमध्ये स्वतःला असा लपवायचा की फाइलच्या यादीतही दिसू नये, आणि पोकर साइटचं लॉगिन चोरायचा. चोराला खात्यातून पैसे काढायचीही गरज नव्हती. तुमच्या नावाने लॉगिन करायचं, त्याच टेबलावर स्वतःच्या नावाने बसायचं आणि तुमच्या खात्यातून मुद्दाम हरायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार, पोरगं वाईट खेळलं.

दुसरी गोष्ट सप्टेंबर २०१५ ची. स्लोव्हाकियाच्या ईसेट कंपनीला ‘ओडलानॉर’ नावाचा ट्रोजन सापडला. ट्रोजन म्हणजे एका कामाचा मुखवटा घालून दुसरंच काम करणारा प्रोग्राम. हा ज्या मुखवट्यांनी आत शिरायचा त्यांची यादी वाचण्यासारखी आहे : डाउनलोडसाठी वापरतात ती नेहमीची सॉफ्टवेअर, आणि पोकर कॅल्क्युलेटर, पोकर खेळाडूंचे डेटाबेस. आत शिरल्यावर तो वाट बघायचा. तुम्ही पोकरस्टार्स किंवा फुल टिल्ट पोकर उघडलं की तुमच्या स्क्रीनचे फोटो काढून मालकाला पाठवायचा. त्या फोटोत दोन गोष्टी दिसायच्या, तुमची झाकलेली पानं आणि तुमचं खेळाडू नाव. पुढचं काम सोपं. त्या नावाने शोधायचं, त्याच टेबलावर येऊन बसायचं. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ब्राउझरमधले पासवर्ड उचलायची सोयही आली. बाधित झालेले तेव्हा काही शेकडाच होते, बहुतेक पूर्व युरोपातले. आकडा लहान आहे, पण कल्पना बघा. समोरच्याचे पत्ते ओळखता यावेत म्हणून तुम्ही जे सॉफ्टवेअर घेतलं, त्यानेच तुमचे पत्ते समोरच्याला दाखवले. चोरावर मोर म्हणतात तो हाच.

आता तुम्ही म्हणाल, ही दहा-वीस वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. बरोबर. आजचा चोर पत्त्यांच्या इतक्या मागे लागत नाही, त्याला अख्खा लॅपटॉपच हवा असतो. आजच्या या प्रकाराला ‘इन्फोस्टीलर’ म्हणतात, म्हणजे माहिती उचलून नेणारा. ‘लुमा’ हे त्यातलं गाजलेलं नाव. १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोनच महिन्यांत जगभरात लुमा शिरलेले ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज कॉम्प्युटर मायक्रोसॉफ्टला सापडले. मग अमेरिकेच्या न्याय विभागासोबत त्यांनी त्याची यंत्रणा बंद पाडली. असले प्रोग्राम पसरवायच्या आवडत्या वाटांमध्ये क्रॅक सॉफ्टवेअर येतंच.

माझ्या मित्राचा ओटीपी का आला नाही, याचं उत्तर इथे सापडतं. जत्रेत एकदा तिकीट काढून आत गेलात की हातावर शिक्का मारतात. बाहेर येऊन भेळ खाल्ली, शिक्का दाखवला की परत आत. ब्राउझरमध्ये तेच होतं. एकदा पासवर्ड आणि ओटीपी टाकून लॉगिन केलं की साइट ब्राउझरला एक शिक्का देते, त्याला कुकी म्हणतात. म्हणून तर रोज इन्स्टा उघडताना पासवर्ड विचारत नाही. इन्फोस्टीलर तो शिक्काच उचलून नेतो आणि दुसरीकडे कुठेतरी बसलेला माणूस थेट आत शिरतो. पासवर्ड नको, ओटीपी नको. सोबत ब्राउझरने ‘सेव्ह करू का?’ विचारल्यावर तुम्ही ‘हो’ म्हटलेले सगळे पासवर्ड. एकदा उचललं की काम झालं. नंतर तुम्ही प्रोग्राम काढून टाकला तरी गेलेलं परत येत नाही.

सॉल्व्हरच्या बाबतीत हे ओळखणं आणखी अवघड. एरवी लॅपटॉपचा पंखा उगाच घोंघावायला लागला, मशीन तापलं, की आपल्याला संशय येतो. सॉल्व्हरचं कामच तसं. खरा, विकत घेतलेला सॉल्व्हरसुद्धा प्रोसेसर पूर्ण ताणतो आणि रॅम खाऊन टाकतो. ८ जीबीच्या लॅपटॉपवर तर जरा मोठा डाव टाकला की मशीन मान टाकतं. त्याच गोंगाटात कुणी तुमच्या मशीनवर स्वतःसाठी क्रिप्टो काढत बसलं, तर कळणार कसं? आणि अँटिव्हायरस ओरडला तर आपणच म्हणणार, ‘क्रॅक असलं की तसंच असतंय.’ अँटिव्हायरस कधी कधी नुसत्या क्रॅकवरही ओरडतो, हे खरं आहे. त्याचाच फायदा घेतला जातो. दहा वेळा खोटं ओरडल्यावर अकराव्या वेळी आपण त्याचं तोंड बंद करतो.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. सॉल्व्हरने दिलेलं उत्तर बरोबर आहे की नाही, हे तुम्ही तपासणार कसं? ते उत्तर स्वतःला काढता येत नाही म्हणून तर सॉल्व्हर घेतला. जुनी, अर्धवट तोडलेली, कुणी कुणी हात लावलेली कॉपी चुकीची टक्केवारी दाखवत असेल तर ती तितक्याच आत्मविश्वासाने दाखवणार, रंगीत चौकटींसकट. कॅल्क्युलेटरने सात आठे साठ म्हटलं तर आपल्याला कळतं, इथे कळत नाही.

आता मूळ प्रश्न. एवढा आटापिटा कशासाठी?

जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच, फॉरवर्डही केला असेल. त्यांनी आरोप नाकारला, आपण गेम बंद करत होतो असं सांगितलं. नंतर त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. यावर आमच्या कॅन्टीनमध्ये झालेले विनोद इथे छापता येणार नाहीत. पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. रमी, पोकर, फँटसी क्रिकेट, कौशल्य असो की नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळवायलाच बंदी. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत २० हजार कोटींच्या आसपास घालवतात, असा अंदाज सरकारकडून तेव्हा सांगितला गेला. कंपन्या कोर्टात गेल्या, वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतली प्रकरणं सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतली. पण मोठ्या अ‍ॅप्सनी पैशांची टेबलं लगेच बंद केली.

मग माझा मित्र सॉल्व्हर घेऊन खेळणार कुठे होता? उरतात परदेशी साइट आणि खासगी ‘क्लब’. क्लब म्हणजे एजंटला यूपीआयवर पैसे द्यायचे, तो अ‍ॅपमध्ये चिप्स टाकतो, जिंकलात तर परत देतो. देतो म्हणजे, द्यावेसे वाटले तर. समोर बसलेला माणूस आहे की बॉट, चार जण एकमेकांना फोनवर पानं सांगतायत का, काही कळत नाही. तिथे टक्केवारी शिकून गेलेला मुलगा म्हणजे वजनात मारलेल्या काट्यावर दशांशापर्यंत हिशेब करणारं गिऱ्हाईक. आणि मोठ्या, नावाजलेल्या साइटवर खेळताना सॉल्व्हर शेजारी उघडून ठेवणं ही फसवणूकच धरतात. जीजीपोकरने २०२० मध्ये अशा खात्यांवर बंदी घालून दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम जप्त केली होती. म्हणजे सॉल्व्हर अभ्यासापुरता. आणि अभ्यास करायचा तो ज्या टेबलासाठी, ते टेबलच आपल्याकडे राहिलेलं नाही.

क्रॅकचा वेगळा कायदाही आहे, दोन ओळींत सांगतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे, पायरेटेड आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरलं तर किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी किंवा कमाईसाठी वापरलं नसेल तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. रूमवर बसून क्रॅक चालवणाऱ्या मुलाच्या दारात यासाठी पोलीस येतील असं मला वाटत नाही. पण पोकर ‘कमाईसाठीच’ खेळतो असं मित्रांमध्ये छाती फुगवून सांगणाऱ्यांनी ती सूट एकदा नीट वाचावी.

पैसे, कायदा हे सगळं ठीक. मला खरा धक्का बसला तो दुसऱ्या दिवशी, मित्रासोबत त्या लॅपटॉपचं डाउनलोड फोल्डर बघताना. पोकरच्या चार फाइल आणि बाकी अख्खं घर. वडिलांचं आधार. आईच्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो. पीक विम्याची पावती, सातबारा. बहिणीचा नीटचा फॉर्म, तिची सही, तिचा पासपोर्ट साइज फोटो. शिष्यवृत्तीसाठी भरलेलं उत्पन्नाचं प्रमाणपत्र. शेजारच्या दोन काकांची कागदपत्रं, कारण गल्लीत लॅपटॉप यालाच आहे आणि ‘बाळा, एवढा फॉर्म भरून दे’ म्हणत सगळे याच्याकडेच येतात. ब्राउझरमध्ये या सगळ्यांचे लॉगिन सेव्ह. शहरातल्या मुलाचा लॅपटॉप बहुधा त्याचा एकट्याचा असतो. आपल्याकडे तो घराचा, कधी कधी गल्लीचा असतो. मित्राने पोकरमध्ये स्वतःचे पैसे लावले होते, लॅपटॉपवर मात्र इतरांचं सगळंच लावून बसला होता, त्यांना न विचारता. यातलं नेमकं काय गेलं, काय नाही, हे आम्हाला आजही माहीत नाही. बहिणीला सांगायचं का, यावर तो दोन दिवस गप्प होता. शेवटी सांगितलं. ती काय म्हणाली ते त्याने मला सांगितलं नाही.

तुमच्या मशीनमध्ये असलं काही असेल, तर वाचणं थांबवून आधी इंटरनेट बंद करा. पासवर्ड बदलायचे ते त्या लॅपटॉपवरून नाही, दुसऱ्या स्वच्छ मोबाइलवरून, आणि सगळ्यात आधी ईमेलचा, कारण बाकीच्यांची किल्ली तिथे असते. बदलून झाल्यावर ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ दाबायला विसरू नका. हातावरचा तो शिक्का पुसला जातो तो यानेच, नुसता पासवर्ड बदलून पुसला जाईलच असं नाही. मग फाइल तपासून मशीन फॉरमॅट. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते आणि बीडमध्ये सायबर पोलीस ठाणंही आहे. ‘पोकर खेळत होतो हे सांगावं लागेल’ म्हणून मित्राने फोन करायला दीड दिवस लावला. त्या दीड दिवसात ३ हजार कुठल्या कुठे गेले.

आणि ज्यांना खरोखर त्या गणिताचं वेड आहे, त्यांच्यासाठी ‘कून पोकर’ नावाचा खेळ शोधा. हॅरल्ड कून या गणितज्ञाने १९५० मध्ये मांडलेला. पत्ते फक्त तीन, खेळाडू दोन. याचा सॉल्व्हर पायथनमध्ये शे-दीडशे ओळींत स्वतः लिहिता येतो, कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर काही सेकंदांत उत्तर देतो, आणि ते बरोबर आहे की नाही हे कागदावर तपासता येतं. मोठ्या पोकरसाठी ‘टेक्सास सॉल्व्हर’सारखी ओपन सोर्स, म्हणजे उघडपणे फुकट दिलेली सॉफ्टवेअरही आहेत. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून हे दाखवलं तर सर लोक तरी जागे होतील.

गेल्या रविवारी मित्रासोबत सुभाष रोडला एका दुकानात गेलो, लॅपटॉप फॉरमॅट करायला. दुकानदाराने नाव लिहून घेतलं, चार्जर घेतला आणि सवयीने विचारलं, "विंडोज कोणतं मारू? ओरिजिनल का आपलं नेहमीचं?"

मित्र म्हणाला, "ओरिजिनलचं किती होतंय, ते सांगा आधी."